पटावरचा हातचा

आंबेघोळच्या शाळेत एक हातचा पहिलीत नाव घालायला आला, त्या दिवशी जुलैची अकरा तारीख होती आणि शाळेचा पट एकोणीस होता.

शाळेला खोली एकच. पहिली ते चौथी सगळी तिच्यातच, चार भिंतींना चार इयत्ता. उज्ज्वला शेडगे बाई तिसरीच्या भिंतीला बेरजा घालत होत्या. सोनाली कचरेने फळ्यावर अठ्ठावीस आणि चौदा यांची बेरीज बत्तीस काढली होती आणि आता ती शाबासकीची वाट बघत उभी होती.

"आठ आणि चार किती?" बाईंनी विचारलं.

"बारा."

"दोन लिहिलेस. मग हातचा कुठे गेला?"

"हा काय, मी इथं आहे," दारातून आवाज आला.

दारात हातचा उभा होता. उंचीने पहिलीतल्या पोराएवढा, अंगाने काटकुळा, वर गोल आणि खाली काठी, म्हणजे एक जसा लिहितात तसाच. पायात चप्पल नव्हती की पाठीला दप्तर. तो हातचा आहे हे बाईंनी पाहताक्षणी ओळखलं, कारण सहा वर्षं त्या तेच शिकवत होत्या.

"तू सोनालीच्या बेरजेतला का?"

"नाही बाई. तिचा तिच्याकडेच असेल. मी दुसऱ्या एका बेरजेतला. मला घ्यायचे विसरले."

सोनालीने डाव्या हाताचं मुडपलेलं बोट उघडून पाहिलं. तिचा हातचा खरंच तिथे होता, तिने गुपचूप बत्तीसचे बेचाळीस केले आणि जागेवर जाऊन बसली.

"कुठल्या बेरजेतला?" बाईंनी विचारलं.

"आठवत नाही. तेव्हा लहान होतो. आता सहा वर्षांचा झालो, म्हणून शाळेत आलो."

बाईंनी खडू खाली ठेवला. महिन्यापूर्वीच तालुक्याहून पत्र आलं होतं की ज्या शाळांचा पट विसाच्या आत आहे त्या जवळच्या मोठ्या शाळेत समायोजित करण्यात येतील. समायोजित हा शब्द ऐकायला मोठा गोड. ज्याला करतात त्यालाच तो कडू लागतो. आंबेघोळची पोरं मोरखिंडीच्या शाळेत जाणार होती, म्हणजे साडेचार किलोमीटर, आणि मधे असा ओढा की त्यात श्रावणात म्हैससुद्धा विचार करून उतरते. आणि बाई कुठेच जाणार नव्हत्या. त्या कंत्राटी होत्या. अकरा महिन्यांचा एक आदेश, एक दिवसाचा खंड, की पुन्हा अकरा महिने, असा त्यांचा हा सातवा आदेश चालू होता. शाळाच उरली नाही तर आठवा कोण काढतो?

म्हणजे एका विद्यार्थ्याची गरज होती, आणि दारात एक उभा होता. अगदी एकच.

बाईंनी भिंतीवरची पाटी पुन्हा वाचली. कागदपत्रांअभावी कोणत्याही बालकास प्रवेश नाकारू नये, असं तिच्यावर लिहिलेलं होतं. बालक म्हणजे कोण, हे लिहिलेलं नव्हतं. हा सहा वर्षांचा होता, आपल्या पायाने शाळेत आला होता आणि आत यायच्या आधी दारात थांबून विचारत होता. बालक म्हणून यापेक्षा जास्त आजवर कुणी काही केलं नव्हतं. त्यांनी दाखल रजिस्टर उघडलं, नावाच्या रकान्यात 'हातचा' लिहिलं, आडनावाच्या रकान्यात 'एक' लिहिलं आणि पट वीस झाला.

संध्याकाळी शाळा समितीचे अध्यक्ष धोंडीबा कचरे, सोनालीचे आजोबा, खातरी करायला आले.

"बाई, कुनाचं पोरगं म्हनायचं ह्ये?"

"तालुक्याकडचं असावं, आबा."

"मग चालंल. तालुक्याकडनं आजवर आपल्याला पत्राबिगर आलंय काय? ह्ये पयलंच जित्तं जागतं."

हातचा रुळला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायनाबाईंना आधी काळजी होती की हे खातं तरी का. खात होता. रोज एक ताट. दुसऱ्यांदा वाढायला गेल्या की तो हात आडवा धरी.

"नको मावशी, दोन होतील."

"मग हुंदेत की!"

"दोन झाले तर मी मी राहणार नाही."

"लई मानी हाय," बायनाबाई बाईंना म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं एक ताट शिगोशीग भरू लागल्या.

अडचण एकच होती, ती बसण्याची. हातचा शेजारच्या घरात आणि वरच्या अंगाला बसतो, हा त्याच्या जातीचाच रिवाज. पहिलीच्या ओळीत बसवला की घटकाभराने तो डावीकडच्या पोराच्या डोक्यावर दिसे.

"बाई, ह्यो माझ्या डोक्यावर बसतोय!"

"जड आहे का?"

"न्हाई. पर सारखं ध्यानात ऱ्हातं."

ध्यानात राहतं तेच बरं, असं बाईंनी ठरवलं. महिनाभरात शाळेतलं एकही मूल हातचा विसरेना. चौथीतली दोन पोरं, जी गुणाकाराला कायम पोटदुखी काढून घरी जात, ती आता पोट ठीक असल्याचं आपणहून सांगू लागली.

जुलैअखेर केंद्रप्रमुख बाबर सर पटपडताळणीला आले. दहा-बारा शाळांवर देखरेख करणारा हा माणूस, मूळचा गणिताचा शिक्षक. मोटरसायकलवरून उतरून त्यांनी डोकी मोजली, वीस भरली, आणि विसाव्यापाशी ते थांबले.

"मुलगा की मुलगी?"

"हातचा," बाई म्हणाल्या.

"नमुन्यात दोनच रकाने आहेत. याला कुठल्यात लिहू?"

"मी रकान्यात नसतोच, सर," हातचा म्हणाला. "मी रकान्याच्या वर असतो."

बाबर सरांना हे गणिताच्या दृष्टीने पटलं. त्यांनी दोन्ही रकान्यांच्या वर, बारीक अक्षरात, एक लिहिला. आणि शेऱ्यात 'निर्णयार्थ सादर' लिहून तो नमुना वर पाठवला, कारण आपल्याला पटलेली गोष्ट वर पाठवली नाही तर ती अंगाशी येते, हे त्यांनी नोकरीत शिकून घेतलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी गटशिक्षणाधिकारी वाळिंबे साहेब बाबर सरांना घेऊन स्वतः सुनावणीला आले. तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली. गाडी त्यांना ओढ्याच्या पलीकडेच ठेवावी लागली आणि बूट हातात घेऊन ते शाळेत पोचले. गाव ओसरीवर बसलं होतं. पोरं आत.

"मी काही तुमच्या शाळेचा वैरी नाही," साहेब पाय पुसत म्हणाले, आणि ते खरंच होतं. "एक खोली, चार इयत्ता, एक बाई. मोरखिंडीला तीन शिक्षक आहेत. संगणक आहे, मैदान आहे. तुमचीच मुलं तिथे जास्त शिकतील. याला सुधारणा म्हणतात."

"सुधारना ओढ्याच्या पल्याड हाय, साहेब," धोंडीबा म्हणाले. "तिला अल्याड आना की."

"आणि पलीकडे जायला काय हरकत आहे?"

"माझी थोरली नात गेली हुती," बायनाबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या नाहीत, बसल्या बसल्याच बोलल्या. "पाचवीला घातली मोरखिंडीत. दोन म्हैनं गेली. मग ओढ्याला पानी आलं, मग घरात काम निघालं, आन् आता ती शेरडं राखती. हुशार हुती. धाकटीचं तसं हू द्यायचं न्हाई मला."

साहेबांनी ते मान्य केलं नाही, पण पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर ते मूळ मुद्द्यावर आले.

"नियम नियम आहे. पट वीस हवा. तुमचा एकोणीस आहे. विसावा हातचा दाखवलाय. हातचा तात्पुरता असतो. बेरजेपुरता बाजूला बारीक लिहायचा, काम झालं की पुसून टाकायचा. तात्पुरता माणूस पटावर कसा धरता येईल?"

बाई दाराशी उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना येता येताच बजावलं होतं की त्यांचा करार या निर्णयात अडकलेला आहे, तेव्हा त्यांनी बोलू नये. बाईंनी सकाळपासून ते पाळलं होतं. आता पाळवेना.

"साहेब, मीसुद्धा तात्पुरतीच आहे," त्या म्हणाल्या. "बाजूला बारीक लिहिलेली. सहा वर्षं दर अकरा महिन्यांनी मला पुसतात आणि एक दिवसाने परत लिहितात. त्याबद्दल मी आज भांडत नाही. पण हातचा धरला नाही तर बेरीज चुकते, हे तुम्हीच आम्हाला प्रशिक्षणात सांगितलंय."

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी बॅगेतून एक मोठा कागद काढून टेबलावर पसरला. "हे बघा. हे तालुक्याचं विवरणपत्र. एकशिक्षकी शाळांची मंजूर पदं. पूर्व भाग सत्तेचाळीस, पश्चिम भाग अडतीस, एकूण पंच्याहत्तर. अशा शाळा आहेत पंच्याऐंशी. मी दहा जास्तीच्या शाळांना कायमचे शिक्षक कुठून आणू? म्हणून कंत्राटी भरतो, आणि म्हणून शाळा कमी करतो. मला हौस आहे का?"

तेवढ्यात हातच्याने बाईंची ओढणी ओढली. तो एका पोराच्या डोक्यावरून उतरून टेबलाशी आला होता आणि टाचा उंचावून कागद बघत होता.

"बाई," तो अगदी हळू म्हणाला, "माझं घर सापडलं."

बाईंनी वाकून पाहिलं. सात आणि आठ पंधरा. पंधराचे पाच लिहिले होते. चार आणि तीन सात, ते सात लिहिले होते. चार आणि तीनच्या वर एक छोटीशी जागा कोरी होती. कागदाखालची तारीख सहा वर्षांपूर्वीची होती.

हे दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. साहेब पेनाचं टोपण टेबलावर ठोकत होते, बाबर सर खिडकीबाहेर बघत होते. बाई गप्प बसल्या असत्या तर हातचा इथेच राहिला असता, पट वीस राहिला असता, आणि एखाद्या कनवाळू साहेबाच्या काळात शाळा वाचलीही असती. बोलल्या तर तो घरी जाणार होता. सोनाली तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होती. याच सोनालीला त्यांनी गेल्या महिन्यात सांगितलं होतं की हातचा मुठीत लपवून ठेवायचा नसतो.

बाईंना रडू आलं. तरी त्या म्हणाल्या, "साहेब, याचं घर तुमच्या कागदावर आहे. बेरीज चुकलीय."

"सोनाली," बाबर सर एकदम सावध होऊन म्हणाले, "फळ्यावर मांड बघू."

सोनालीने मांडली. "सात आन् आठ पंधरा. पंधराचं पाच, हातचा एक. चार आन् तीन सात, सात आन् हातचा आठ." तिने पंच्याऐंशी लिहून त्याला गोल केला, आणि खडू कानामागे खोचला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. कागद पाहिला, फळा पाहिला. "सही माझीच आहे," ते शेवटी म्हणाले.

"म्हणजे मंजूर पदं पंच्याऐंशी," बाबर सर म्हणाले. "दहा पदं आपण सहा वर्षं कंत्राटावर भरतोय."

बाईंनी हातच्याकडे पाहिलं. आपण दोघं एकाच दिवशी घराबाहेर पडलो, एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना त्याची फार माया आली.

"याला न्यावं लागेल," साहेब म्हणाले. "चुकलेली बेरीज मला ठेवता येणार नाही."

"न्या," बाई म्हणाल्या.

"आवं बाई!" धोंडीबा उठलेच. "हातचं सोडून पळत्याच्या मागं कशापाई लागताय?"

"मग पट एकोणीस," साहेब म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

"का वं साहेब?" सोनालीने विचारलं. तिला शिक्षणाधिकारी म्हणजे काय हे नीटसं माहीत नव्हतं, त्यामुळे भीतीही नव्हती. "त्याचं घर तिकडं हाय. आमची घरं बी हितं न्हाईत. आमी सगळी पाच वाजता घरला जातो, म्हनून काय पट कमी हुतो?"

साहेबांनी पेन काढलं. "मुद्दा नोंदवून घेतला," ते म्हणाले. "पण तो रोज आला तरी पट वीसच. काठावर. पुढच्या वर्षी एखादं मूल गेलं की पुन्हा हेच."

"साहेब, तो वीस नाही," बाबर सर म्हणाले. केंद्रप्रमुख साहेबांना दुरुस्त करतो आहे हे त्यांना वाक्य अर्धं झाल्यावर कळलं, पण गणित अर्धं सोडायची त्यांना सवय नव्हती. "हातचा दशकाच्या घरात बसतो. त्याची दर्शनी किंमत एक. स्थानिक किंमत दहा."

"कुठली धरायची, हा प्रश्न आहे."

"शाळा स्थानिक हाय न्हवं?" धोंडीबा म्हणाले. "मग किंमत बी स्थानिकच धरा की."

हाही मुद्दा साहेबांनी नोंदवून घेतला. दुपारी त्यांनी हातच्याला कागदात गुंडाळून नव्हे, हाताला धरून ओढ्यापलीकडे नेलं. ओढ्यात त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. लांबून बघणाऱ्या पोरांचं म्हणणं पडलं की तो थोड्याच वेळात साहेबांच्या डोक्यावर जाऊन बसला.

शाळेचे पुढचे अकरा दिवस बाई रोज हजेरी घेत. विसाव्या नावाशी थांबत. "हातचा?" असं विचारून, उत्तराला पुरेसा वेळ देऊन, त्या गैरहजर मांडत. खोटं हजर मांडलेलं बाबर सरांनी खपवून घेतलं असतं, पण त्यांनी मांडलं नाही. बायनाबाई एक ताट वाढून ठेवत आणि शेवटी ते पोरांत वाटून टाकत. धोंडीबा शाळेवरून जाताना बाईंशी जरा तुटक बोलत.

बाराव्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती, आणि सातलाच बाबर सरांची मोटरसायकल आली. मागे हातचा बसला होता. सरळ बसला होता, कारण पुढे एकच डोकं होतं आणि त्याच्यावर हेल्मेट.

सरांनी ओसरीवरच पत्र वाचून दाखवलं. तालुक्याची मंजूर पदं पंच्याऐंशी अशी दुरुस्त झाली होती. हातचा एक, याचं निवासस्थान विवरणपत्र आणि शाळा आंबेघोळ, असं मान्य झालं होतं. त्याची किंमत स्थानिक धरून शाळेचा पट एकोणतीस झाला होता, सबब समायोजनाचा प्रश्न उद्भवत नव्हता. मात्र कार्यालयीन वेळेत बेरीज बरोबर असणं आवश्यक असल्याने हातच्याने सकाळी दहाच्या आत घरी पोचायचं होतं, आणि त्यासाठी आंबेघोळची शाळा वर्षभर सकाळची भरवावी, असा आदेश होता. तालुक्याहून रिकामे कॅन घेऊन येणारी दुधाची गाडी त्याला साडेसहाला सोडणार होती आणि भरलेले कॅन घेऊन जाताना परत नेणार होती. गाडीवाल्याचं ना हरकत पत्र सोबत जोडलेलं होतं.

"सकाळची शाळा!" पोरं ओरडली. दुपार अख्खी मोकळी मिळाली होती, बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही.

धोंडीबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "बाई," ते म्हणाले, "मी तवा जरा तोडून बोललो."

"असू द्या आबा."

मग बाबर सरांनी दुसरा लिफाफा काढला. तो बाईंच्या नावाचा होता. बाईंना आदेश वाचायची सवय होती, त्यामुळे त्या थेट खालच्या रकान्याकडे गेल्या, जिथे मुदत संपण्याची तारीख असते. तिथे आडवी रेघ होती.

"सर, तारीख लिहायची राहिलीय."

"राहिली नाही बाई," बाबर सर म्हणाले. "तो रकाना आता तुम्हाला लागू नाही."

बाईंनी कागद पुन्हा वाचला, आणि पुन्हा एकदा. वर्ग बघत होता, हे माहीत असूनही त्यांनी डोळे पुसले नाहीत. बायनाबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग त्या चुलीकडे वळल्या.

"बाई, बेरीज अर्धी ऱ्हायलीय," सोनालीने आठवण केली.

बाई फळ्याशी गेल्या. सदतीस आणि छत्तीस होते. सात आणि सहा तेरा. तेराचे तीन. "हातचा?" त्यांनी विचारलं.

"एक!" वर्ग ओरडला.

"हजर," हातचा पहिलीच्या एका पोराच्या डोक्यावरून म्हणाला.

पावणेनऊला दुधाच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि तो नवं दप्तर घेऊन धावत गेला. बाईंनी पुढच्या बेरजेसाठी फळा पुसला. वरचे आकडे पुसले, खालचे पुसले, रेघ आणि उत्तर पुसलं. दशकातल्या तीनच्या वरचा छोटा एक तेवढा त्यांनी राहू दिला. उद्या तो पुन्हा लागणार होता.